बोट कोणी मोडलं

माझ्या उजव्या हाताची अनामिका वाकडी आहे आणि ती सगळ्या पाराग्वायला पाठ आहे. रस्त्यात लोक मला थांबवतात ते आधी बोटाकडे बघतात, मग तोंडाकडे. सामना सुरू होण्याआधी स्टेडियममध्ये हजारो माणसं त्याच बोटाला पांढरी पट्टी गुंडाळून हात वर करतात. एकदा काआकुपेच्या जत्रेत एक बाई महिन्याचं पोर घेऊन आली आणि म्हणाली, मास्तर, याच्या कपाळाला तेवढं बोट लावा. मी लावलं. नको म्हणायला हवं होतं, पण जिथे बोलायचं तिथे गप्प बसायची माझी जुनी खोड आहे.

लोकांना ठाऊक असलेली हकीकत अशी. सव्वीस वर्षांपूर्वी फुटबॉलच्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला शेवटचा सामना आसुन्सिओनला होता. आम्हाला नुसती बरोबरी पुरे होती. आदल्या दिवशी सरावात राखीव गोलकीपर क्रिस्पिन ओल्मेदोने माझ्यावर असा काही फटका हाणला की माझं बोट मोडलं. मुद्दाम हाणला, कारण नऊ वर्षं बाकावर बसून त्याला माझी जागा हवी होती. मी मात्र देशासाठी मोडक्या बोटाने उभा राहिलो. ब्याऐंशी मिनिटं काही आत जाऊ दिलं नाही, आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला एक साधा चेंडू त्या बोटावरून निसटला. आम्ही हरलो, विश्वचषक हुकला. तरी लोकांनी मला डोक्यावर घेतलं, आणि क्रिस्पिनला ‘हातोडा’ हे नाव पडलं ते आजतागायत.

यातला शेवटचा भाग खरा आहे. आम्ही हरलो, आणि क्रिस्पिनला ते नाव पडलं. बोट मात्र क्रिस्पिनने मोडलं नाही. ते मुसळाखाली मोडलं.

आमचं शिबिर शहराबाहेर होतं. फाटकासमोर न्या पेत्रोना नावाची बाई तेरेरेत, म्हणजे आमच्या गार काढ्यात, घालायचा पाला विकायला बसायची. उन्हाळ्यात आमच्याकडे थंडगार तेरेरेशिवाय कोणाचं काम पुढे सरकत नाही, आणि त्यात कोणता पाला कुटून घालायचा हे ज्याच्या त्याच्या पोटावर ठरतं. माझं पोट सामन्याआधी नेहमी बिघडायचं. आदल्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो. मोठं लाकडी उखळ होतं, दोन मुसळांचं. एका बाजूने न्या पेत्रोना, दुसऱ्या बाजूने तिची भाची, अशा आळीपाळीने कुटत होत्या. भाची हसरी होती. मला म्हणाली, “काय हो गोली, हात नुसते चेंडू धरायलाच दिलेत देवाने, का कामालाही येतात?”

माझी बायको तेव्हा घरी, आठव्या महिन्यात. मी न्या पेत्रोनाच्या हातातलं मुसळ घेतलं.

एक घाव तिचा, एक माझा. पाच-सहा माणसं गोळा झाली, कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. माझं लक्ष उखळात नव्हतं, ते कुठे होतं हे सांगायला नको. तेवढ्यात पाल्याची एक जुडी उसळून काठावर आली आणि खाली पडू लागली. गोलकीपरच्या हाताला एक वाईट सवय असते. काही निसटताना दिसलं की तो मालकाला न विचारता तिकडे जातो. समोरचं मुसळ वर असताना उखळात हात घालू नये हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. देशाच्या गोलकीपरला कळलं नाही.

मी ओरडलो नाही. हसलो, हात खिशात घातला, पाल्याची पुडी डाव्या हाताने घेतली आणि परत आलो. बोट तेव्हाच काळं पडायला लागलं होतं.

डॉक्टरला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी क्रिस्पिन खेळला असता. तो तयार होता, मला ठाऊक होतं. रोज सकाळी माझा सराव तोच घ्यायचा. राखीव गोलीचं कामच ते, पहिल्या गोलीला चेंडू मारून मारून गरम करायचं आणि मग घामाने ओला होऊन बाकावर बसायचं. पण जागा एका सामन्यात जाते. मला स्वतःला मिळाली होती ती अशीच. माझ्या आधीच्या गोलीला गोवर आला, तो एक सामना बाहेर राहिला, आणि पुन्हा कधी आत आला नाही. त्या माणसाचं तोंड मला आठवलं आणि माझी बोबडी वळली.

तर मी काय केलं ते ऐका. सरावाला हातमोजे घालून उभा राहिलो. क्रिस्पिनने नेहमीसारखे चेंडू मारायला सुरुवात केली. दहाबारा चेंडू दात आवळून अडवले. मग त्याने एक मवाळ चेंडू मारला, मी तो उजव्या हाताने अडवला आणि खाली बसून ओरडलो. दुखत होतंच, सोंग फार करावं लागलं नाही. क्रिस्पिन धावत आला. म्हणाला, “काय रे, लागलं? एवढ्याने?” मी म्हटलं, “काही नाही, मुरगळलंय.” त्यानेच पट्टी आणली आणि माझ्या बोटाला बांधली. पट्टी कशाला, असं आता कोणी विचारणार नव्हतं. माझा डाव एवढाच होता. त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनातही नव्हतं. पण मनात नव्हतं म्हणून काय झालं?

सामन्याचं सांगितलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताचा एक्स-रे काढला, बोट दोन ठिकाणी मोडलेलं. शिबिराबाहेर वार्ताहर जमले होते आणि आम्ही सगळे खेळाडू बसमध्ये चढत होतो. एक जण म्हणाला, “हे कसं झालं?” मी म्हटलं, “सरावात. चेंडू लागला.” तो म्हणाला, “कोणाचा?”

मी काही बोललो नाही. मी नुसतं मागे वळून क्रिस्पिनकडे बघितलं.

तेवढ्यात कॅमेरा चमकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तो फोटो होता: मी, माझं बांधलेलं बोट, माझी नजर, आणि नजरेच्या टोकाला बसच्या पायरीवर क्रिस्पिन, तोंड अर्धवट उघडं. खाली काही लिहायची गरजही नव्हती. त्या दिवसापासून मी कधीही खोटं बोललो नाही, कारण बोलावं लागलंच नाही. विचारलं की मी मान खाली घालायचो, आणि लोक म्हणायचे, बघा, किती मोठा माणूस, नावही घेत नाही.

क्रिस्पिनला त्या वर्षी एकाही क्लबने घेतलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. माझं मात्र उखळ पांढरं झालं. अकरा वर्षं खेळलो, मग क्लबांचा प्रशिक्षक झालो, आणि दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय संघाचा. संघटनेचे अध्यक्ष दॉन एर्मिनिओ नेमणुकीच्या वेळी म्हणाले होते, “डावपेच कोणीही शिकवेल. मला ते बोट बाकावर हवंय.”

आता या वर्षाचं. आमच्याकडे अल्सिदेस नावाचा एकवीस वर्षांचा गोली आलाय. मी आयुष्यभर खांबांच्या मध्ये उभा राहिलोय, मला कळतं. हा पोरगा माझ्यापेक्षा चांगला आहे. चेंडू सुटायच्या आधी त्याचे पाय हललेले असतात. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, हे कोणी शिकवलं? तो इकडेतिकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, “इता गावात एक जण आहे, मास्तर. तुम्हाला नाव आवडायचं नाही.”

मी म्हटलं, “सांग.”

“दॉन क्रिस्पिन.”

त्या दिवसापासून मला झोप नाही. पोरगा घडला होता पण पक्का झाला नव्हता, उंच चेंडूला अजून घाई करायचा. त्याला क्रिस्पिनच हवा होता. पात्रता फेरीचे सहा सामने राहिले होते, गोलकीपरांच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी होती, आणि त्या जागेला योग्य असा देशात एकच माणूस होता. मी दॉन एर्मिनिओकडे गेलो. ते चिपा, आमचा चीज घातलेला पाव, खात होते.

“हातोडा? आपल्या बाकावर?” ते म्हणाले. “बेनेगास, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“अल्सिदेसला त्यानेच घडवलंय.”

“मग त्याला एक जर्सी पाठवू. सही करून पाठवू. लोक स्टेडियम पेटवतील रे बाबा.”

“त्याची चूक नव्हती, दॉन एर्मिनिओ.”

“तुझं मन मोठं आहे,” ते म्हणाले आणि हातावरचे तुकडे झटकले. “लोकांचं तेवढं नाही.”

त्यांच्यासमोरच सगळं सांगून टाकायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. मी उठून नमस्कार करून बाहेर पडलो. साठीला आलेला माणूस मी, आणि अजून माझी ही तऱ्हा.

रविवारी इताला गेलो. कुंभारांचं गाव, घरोघरी मडकी वाळत घातलेली. क्रिस्पिनच्या अंगणामागे मैदान आहे, गवत कमी आणि लाल माती जास्त. पंधरावीस पोरं मातीत लोळत होती आणि तो ओला चेंडू मारत होता. ओला अशासाठी, की निसटावा. डोक्यावरचे केस गेलेत, बाकी तसाच काटकुळा. मला बघून त्याने पोरांना पाणी प्यायला पाठवलं.

“ये, बेने,” तो म्हणाला. कालच भेटल्यासारखा. “निमिया, खुर्ची आण गं.”

त्याची बायको दारात उभी होती. “खुर्ची साहेबांना हवीय का त्यांच्या बोटाला?”

“निमिया.”

“आणते. विचारलं नुसतं.”

खुर्ची आली. तेरेरेचा पेला फिरायला लागला. निमिया भरून देत होती, आधी नवऱ्याला, मग मला. मी कसाबसा विषय काढला. जागा आहे, तू ये, अल्सिदेसला तुझी गरज आहे, मलाही आहे. क्रिस्पिन ऐकत होता. 

“आणि लोक?” तो म्हणाला.

“लोकांना मी सांगतो.”

“काय सांगतोस?”

“खरं.”

“मग आधी मला सांग,” तो म्हणाला. “नऊ वर्षं रोज सकाळी मी तुला दोनशे चेंडू मारलेत, बेने. माझ्या कुठल्या चेंडूत किती जोर होता हे मला कळत नाही असं वाटतं तुला? त्या चेंडूने अंडंसुद्धा फुटलं नसतं. तुझं बोट आधीच मोडलेलं होतं. कशाने मोडलं एवढंच मला माहीत नाही. सव्वीस वर्षं मी याच्यावर विचार करतोय. दारात चेमटलं? कोणाला ठोसा मारलास? पत्ते खेळताना मारामारी झाली?”

मी सांगितलं. फाटक, न्या पेत्रोना, भाची, उखळ, सगळं. माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्याला पुढे वाकावं लागलं.

“मुसळ?” तो म्हणाला.

“हो.”

“काय कुटत होतास?”

“पोटासाठी पाला.”

“कसला पण?”

“गवती चहा.”

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तो खुर्चीत मागे पडून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “गवती चहा,” तो म्हणायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. “अगं निमिया, ऐकलंस का, गवती चहा.” मलाही हसू आलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की सुटलो. त्या क्षणाची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

निमिया हसत नव्हती. तिने पेला खाली ठेवला.

“माझी सासू गेली तेव्हा दोनशे माणसं आली होती,” ती म्हणाली. “रांगेत एक जण होता, आमच्याच गल्लीतला. ह्या माणसाने हात पुढे केला तर त्याने आपला मागे घेतला. म्हणाला, माझी बोटं शाबूत राहू देत. आईचं प्रेत समोर होतं, साहेब. आणि लोक हसले. आमच्या थोरलीच्या वर्गात पोरं तिला पेन्सिल द्यायची नाहीत, मोडशील म्हणायची. हे गवती चहाचं आम्हाला तेव्हा कळवायला हवं होतं. आम्हीही हसलो असतो.”

मी खाली बघत राहिलो. “माफ करा,” म्हणालो. ते शब्द इतके हलके होते की मलाच ऐकवले नाहीत.

क्रिस्पिनने डोळे पुसले. “माफीबिफी राहू दे,” तो म्हणाला. “मी येतो. मला ते काम करायचंय, खोटं कशाला बोलू. पण आधी तू लोकांसमोर सांग. मुसळ, उखळ, गवती चहा, काही गाळू नकोस. मला आत यायचंय ते स्वच्छ नावाने यायचंय. दुसरं काही नको.”

मी शब्द दिला. आणि देवाशपथ, तो पाळला.

बुधवारी संघटनेच्या सभागृहात वार्ताहर बोलावले. चाळीसेक असतील. त्यांना वाटलं संघ जाहीर करणार. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, क्रिस्पिनला प्रशिक्षक म्हणून घ्यायचंय तेही. काही गाळलं नाही. भाचीचंही सांगितलं, बायकोच्या आठव्या महिन्याचंही. सरावात केलेलं सोंग सांगितलं. बसच्या पायरीवर ज्या नजरेने बघितलं ती मुद्दाम बघितली होती हे सांगितलं. शेवटी म्हणालो, “क्रिस्पिन ओल्मेदोने माझं काही वाईट केलं नाही. मी त्याचं आयुष्य नासवलं.”

 मग मागून एक म्हातारा वार्ताहर उभा राहिला. मी त्याला ओळखलं. “कोणाचा?” असं विचारणारा तोच होता. त्याचे डोळे भरून आले होते.

“मास्तर,” तो म्हणाला, “मी पन्नास वर्षं या धंद्यात आहे. ज्याने आपलं बोट मोडलं त्याला काम मिळावं म्हणून स्वतःच्या नावाला काळं फासणारा माणूस मी पाहिला नव्हता. आज पाहिला.”

आणि त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळे उभे राहिले.

मी म्हटलं, “अहो, ऐका, हे खरं आहे.” टाळ्या वाढल्या. मी म्हटलं, “मी खोटारडा आहे.” पुढच्या रांगेतल्या एका पोरीने रुमाल डोळ्यांना लावला. कोणी विचारलं, ती न्या पेत्रोना कुठे भेटेल? ती मेली. भाची? ब्वेनोस आयरेसला गेली म्हणतात, मला तिचं नावही माहीत नाही. तेव्हाचे डॉक्टर? तेही गेले. “मास्तर,” एक जण हसत म्हणाला, “गोष्ट रचायची तर निदान भाची तरी नको होती. वहिनी ऐकत असतील.” सगळे प्रेमाने हसले.

मी टेबलावर हात आपटला, तोच, वाकड्या बोटाचा. फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी मथळा होता, ‘बोटाहून मोठं मन’. दॉन एर्मिनिओंचा फोन आला. “बेनेगास, तू महागुरू आहेस. मुसळ! मला हे दहा वर्षांत सुचलं नसतं. बोलाव आता त्याला. तू माफ केलंस म्हणजे देशाने केलं.”

“मी माफ केलेलं नाही, मला माफ करायला हवं—”

“तेच ते,” ते म्हणाले.

उभ्या देशात माझ्यावर विश्वास ठेवला तो एकट्या माझ्या बायकोने. तिने तीन दिवस मला ताट वाढलं नाही. मला ते बरं वाटलं. निदान एका घरात तरी मी जसा आहे तसा होतो.

क्रिस्पिनला फोन करायला दुपार झाली. “ऐकलंस?” मी म्हटलं.

“ऐकलं. काही गाळलं नाहीस.”

“त्यांनी मानलं नाही, क्रिस्पिन.”

“तेही ऐकलं.”  मागे निमियाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. “सकाळपासून लोक दारात येतायत,” तो म्हणाला. “शेजारीण केळी देऊन गेली. म्हणाली, झालं गेलं विसरा. तो हात मागे घेणाराही आला होता. त्याने आज हात मिळवला. म्हणाला, मास्तरांनी सोडलं, मग मी कोण धरून ठेवणारा.”

“तू येऊ नकोस वाटलं तर,” मी म्हणालो. “मी राजीनामा देतो.”

“म्हणजे तुझा पुतळाच उभारतील,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “बेने, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. नऊ वर्षं राष्ट्रीय संघात होतो आणि एक मिनिट खेळलो नाही. हे काम मला येतं. सोमवारी येतो.”

सोमवारी सरावाला कुंपणापलीकडे तीन-चारशे माणसं जमली होती. ढोल होते. क्रिस्पिन बसने आला, पिशवीत स्वतःचे जुने हातमोजे घेऊन. त्याला बघताच आरडाओरडा झाला, आणि मी अंग चोरलं. पण शिव्या नव्हत्या. “हातोड्या, माफ केलं तुला,” कोणीतरी ओरडलं. मग सगळ्यांनी त्याचा ठेका धरला. माफ केलं, माफ केलं. एका बाईने कुंपणावरून चिप्यांची टोपली दिली. एका बापाने खांद्यावरच्या मुलाला सांगितलं, “हा बघ, ह्यानेच मोडलं होतं. पण चूक कबूल करणाऱ्याला आपण जवळ करतो.”

क्रिस्पिनने कधी काही कबूल केलं नव्हतं. कबूल करायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

तो थांबला. मला वाटलं आता वळेल, पिशवी उचलेल आणि जाईल, आणि त्याने जावं असं मला मनापासून वाटत होतं, कारण तो गेला असता तर निदान एक माणूस तरी खरं वागला असता. त्याने टोपी काढली. कुंपणाकडे मान लववली आणि म्हणाला, “आभारी आहे.” दोनदा म्हणाला. मी त्याच्या शेजारी चार हातांवर उभा होतो. माझे कान तापले, आणि जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं असं वाटलं. जमीन कशाला घेते मला.

सराव सुरू झाला. अल्सिदेस खांबांच्या मध्ये उभा राहिला. क्रिस्पिनने समोर चेंडू मांडले आणि मारायला लागला. पंधरा-वीस चेंडू झाले असतील, अल्सिदेस माझ्याकडे धावत आला.

“मास्तर, त्यांना काय झालंय?” तो म्हणाला. “असे नाहीत मारत ते. इतात छाती फुटायची वेळ यायची. हे तर आजीबाई पण अडवतील. शुक्रवारी सामना आहे, सांगा ना त्यांना.”

मी क्रिस्पिनकडे गेलो. तो वाकून चेंडू नीट बसवत होता. कुंपणाला लोक चिकटून उभे होते, पोरं वर चढली होती, दोघातिघांनी कॅमेरे लावले होते.

“क्रिस्पिन,” मी म्हटलं, “जोरात मार.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. “लोक बघतायत,” तो म्हणाला.

“बघू देत. पोराला गरज आहे.”

“आणि पोराच्या बोटाला काही झालं तर?” तो हळूच म्हणाला. “चेंडू लागतो, बेने. बोटं खरीही मोडतात. मग मी कोणाकडे बघू?”

 त्याने दोन पावलं मागे घेतली आणि पायाच्या आतल्या बाजूने चेंडू हलकेच ढकलला. अल्सिदेसने तो एका हाताने उचलला, आणि कुंपणापलीकडून टाळ्या आल्या.